पोटरीतील रक्त आणि विमानातील शय्या

ज्या तालुक्यात रेल्वे अद्याप आलेली नाही, ज्याच्या एका अंगाला वैनगंगेचे पात्र आणि दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या व सागवानाचे जंगल आहे, त्या चामोर्शी तालुक्यातील माणसाला अमेरिकेच्या विमानप्रवासाविषयी आरोग्याचा सल्ला द्यावा लागेल, असे मी येथे दवाखाना थाटला तेव्हा माझ्या स्वप्नातही आले नव्हते. परंतु शिक्षकांची, तलाठ्यांची, बऱ्यापैकी शेती असलेल्या कास्तकारांची मुले शिकून परदेशी स्थायिक झाली, त्यांना अपत्ये झाली, आणि नातवंडाच्या बारशासाठी वा सुनेच्या बाळंतपणासाठी साठी-सत्तरीचे आईवडील सातासमुद्रापार जाऊ लागले, हा आता या गावीही नित्याचा शिरस्ता होऊ पाहत आहे. मध्यंतरी एक निवृत्त शिक्षक सपत्नीक माझ्याकडे आले. निघायला दोनच दिवस उरले होते आणि त्यांना उलटीवरची गोळी तेवढी हवी होती. मी प्रवासाचा तपशील विचारू लागलो, तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुलाने बिझनेस क्लासचे तिकीट काढले आहे, झोपूनच जायचे आहे, आता तब्येतीची चिंता उरली नाही." या एका वाक्यासाठी मी आजचा हा लेख लिहीत आहे.

मुलाने केलेल्या खर्चाचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. सपाट शय्येसारखी उलगडणारी आसने बिझनेस क्लासमध्ये २००० सालापासून येऊ लागली, आणि ज्यांची कंबर धरते, ज्यांचे गुडघे झिजले आहेत, ज्यांच्या पावलांना दिवसअखेर सूज चढते, अशा वृद्धांना पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात पाय पसरून आडवे होता येणे ही खरोखरच मोठी सोय आहे. ऐपत असेल तर ती अवश्य घ्यावी. मात्र त्या तिकिटाने आसन बदलते, हवा बदलत नाही, हे पक्के ध्यानात ठेवले पाहिजे. पस्तीस ते चाळीस हजार फुटांवरून उडणाऱ्या विमानात हवेचा दाब यंत्राने राखलेला असतो, पण तो जमिनीवरच्या इतका नसतो; सर्वसाधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा असावा तेवढा तो असतो, आणि वैमानिकाच्या खोलीपासून शेवटच्या रांगेपर्यंत सर्वांना सारखाच असतो. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे सुमारे ५,४०० फुटांचे. म्हणजे विमानातील प्रवासी कळसूबाईहूनही उंच ठिकाणी रात्र काढीत असतो. अशा हवेत रक्तातील प्राणवायूची मात्रा निरोगी माणसातही थोडी उतरते आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास येऊ शकते. निरोग्याला ते जाणवतही नाही, परंतु ज्याचे हृदय वा फुप्फुस आधीच दुबळे आहे, किंवा ज्याच्या अंगात रक्तच कमी आहे, त्याच्यासाठी ही उतरण किरकोळ नसते.

आता पायांकडे वळू. हृदयाने पावलांपर्यंत लोटलेले रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध पुन्हा वर चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. चालताना हे स्नायू आवळतात, सैल पडतात, आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या खोल नीला पिळल्या जाऊन रक्त वर ढकलले जाते. रोवणीच्या दिवसांत चिखलात पाय उचलीत राबणाऱ्या आमच्या बायांच्या पोटऱ्या हे काम अखंड करीत असतात. पण बांधीतले पाणी वाहते न राहता साचून राहिले की त्यावर जसे शेवाळ धरते, तसेच तासन्‌तास न हललेल्या पायात रक्त संथ होते व त्याची गुठळी धरू शकते. रक्ताची संथ गती, रक्तवाहिनीच्या अस्तराची इजा आणि रक्ताचाच गोठण्याकडे असलेला कल ही गुठळीची तीन कारणे जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्कोच्या १८५६ सालच्या संशोधनाशी निगडित असून आजही तीच शिकवली जातात. गुठळी पायातच राहिली तर पाय सुजतो व दुखतो. परंतु ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली तर माणूस घटकाभरात दगावू शकतो.

हा विकार विमानाने जन्माला घातलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना रात्ररात्र तळघरांत घडीच्या आरामखुर्च्यांवर बसून राहणारे काही लोक फुप्फुसात गुठळी अडकून मरण पावले, आणि त्यांची नोंद डॉ. कीथ सिम्प्सन यांनी १९४० साली प्रसिद्ध केली. खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीच्या मागे रुतत असे, म्हणून बसण्याऐवजी निजण्यासाठी फळ्या द्याव्यात असे त्यातून निघाले. पुढे १९५४ साली अमेरिकेतील डॉ. जॉन होमन्स यांनी लांबच्या प्रवासानंतर उद्भवलेल्या अशाच गुठळ्यांची हकीकत लिहिली. १९७७ पासून मात्र या व्याधीला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असे नाव पडले, आणि माझ्या मते त्या नावाने फार नुकसान केले आहे. महागड्या आसनावर बसणाऱ्याला वाटू लागले की ही व्याधी मागच्या रांगांतल्या लोकांची. वस्तुतः स्वस्त आसनामुळेच गुठळी होते असे सिद्ध झालेले नाही. न हलणे हेच तिचे मुख्य कारण आहे, आणि म्हणूनच खिडकीशी बसणारा, शेजाऱ्याला उठवण्याच्या संकोचाने जागचा न हलणारा प्रवासी अधिक जोखमीत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार चार तासांहून अधिक बैठ्या प्रवासाने ही जोखीम सुमारे दुपटीने वाढते. निरोगी माणसाच्या बाबतीत ती तरीही सहा हजारांत एक इतकीच असते, तेव्हा भयभीत होण्याचे कारण नाही. पण याच संशोधनात मोटार, बस व आगगाडी यांनाही तीच गोष्ट लागू असल्याचे म्हटले आहे, आणि आमच्यासाठी नेमका हाच मुद्दा कळीचा आहे.

कारण मुंबईतील मनुष्याचा प्रवास विमानतळावर सुरू होतो, तर चामोर्शीच्या मनुष्याचा प्रवास चामोर्शीच्या बसस्थानकावरच सुरू होतो. गडचिरोली, आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड असे करीत नागपूर गाठायचे म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटर आणि चार-पाच तास; तेथे दोन-तीन तासांची प्रतीक्षा, मग मुंबई वा दिल्लीचे विमान, तेथे पुन्हा अर्धी रात्र खुर्चीवर, आणि त्यानंतर कोठे ते सोळा तासांचे उड्डाण. मुलाने काढलेली शय्या लाभेपर्यंत आईच्या पोटरीत बारा तासांची सुस्ती आधीच साचलेली असते. म्हणून माझा पहिला आग्रह असा की, शक्य असेल त्याने नागपूरला एक मुक्काम करावा, आणि ज्याला ते जमणार नाही त्याने निदान ब्रह्मपुरीला व उमरेडला गाडी थांबवून दहा-दहा मिनिटे चालावे. चालकाला तशी ताकीद आधीच देऊन ठेवावी.

विमानात चढल्यावर आमच्या माणसांना जी खरी बाधा होते ती भिडेची. तेथील आदब, मंद प्रकाश, भोवतालचे अनोळखी लोक, यांनी आमची आई दबून जाते. पाणी मागायला लाजते, आणि पाणी प्यायले तर उठावे लागेल म्हणून सोळा तास घशाला कोरड पडेपर्यंत तहान मारते. मी हे अनेक घरांतून ऐकले आहे. विमानातील हवेची आर्द्रता दहा ते वीस टक्केच असते. केवळ तेवढ्याने शरीरातले पाणी धोकादायक प्रमाणात घटत नाही, परंतु त्यात पाणीच न पिणे, आणि काहींच्या बाबतीत तेथे मुबलक मिळणारे मद्य, यांची भर पडली की प्रकृतीवर ताण येतो. माझ्या भगिनींनो, तेथे पाणी मागणे हा तुमचा हक्क आहे, आणि वारंवार उठणे हे औषध आहे. दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारावी. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात, असे वीस-पंचवीस वेळा करावे. मांडी घालून बसण्याची सवय तेथे मोडावी. शय्येवर निजलात तरी जाग येईल तेव्हा कूस बदलावी व पावले हलवावीत. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधला म्हणजे सेविका तो पाहण्यासाठी उठवीत नाहीत. झोपेची गोळी मात्र सर्वथा वर्ज्य समजावी, कारण सपाट शय्या आणि गोळीची झोप यांच्या संयोगाने माणूस आठ-आठ तास लाकडासारखा पडून राहतो, आणि मग मुलाने ज्या सोयीसाठी पैसे मोजले तीच अपायाला कारण होते.

ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, ज्यांच्यावर नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, जे कर्करोगावर उपचार घेत आहेत, किंवा ज्या स्त्रिया गर्भवती वा नुकत्याच बाळंत झालेल्या आहेत, त्यांनी गुडघ्याखालपर्यंतचे दाबाचे मोजे वापरावेत. ते पोटरीचे माप देऊन घ्यावेत, आणि मधुमेहाने पाय बधिर झाले असतील किंवा पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असतील तर डॉक्टरांना विचारल्यावाचून चढवू नयेत. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून अ‍ॅस्पिरिन घेऊन निघण्याची पद्धत पडली आहे, ती सोडावी.

मधुमेहींना एक गोष्ट विशेष सांगतो. बिझनेस क्लासमध्ये जेवण एकदम न येता सावकाश, एकामागून एक पदार्थ असे येते, आणि कधी हवा खवळली तर वाढणे थांबवले जाते. तेव्हा जेवणापूर्वीचे इन्सुलिन घड्याळाकडे पाहून घेऊ नका, ताट प्रत्यक्ष समोर आल्यावरच घ्या. इन्सुलिन हातातील पिशवीतच ठेवावे, कारण सामानाच्या कक्षात ते गोठून निकामी होण्याचा संभव असतो. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो व परतताना आखूड होतो, म्हणून मात्रांची तजवीज डॉक्टरांकडून लेखी करून घ्यावी.

आता ज्या विषयावर शहरातील डॉक्टर बहुधा लिहिणार नाहीत, त्याकडे येतो. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. भारतात तो प्रथम १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींत आढळला, आणि त्याच दशकात विदर्भातही त्याची नोंद झाली. या आजारात प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात आणि असह्य वेदना उत्पन्न करतात. थंडी व पाण्याची कमतरता यांनीही तेच घडते. विमानात उंचीची विरळ हवा, गारठा आणि तहान ही तिन्ही एकत्र येतात. जो केवळ वाहक आहे त्याला सामान्य प्रवासी विमानात सहसा त्रास होत नाही. परंतु ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याने वेदनेचा झटका येऊन गेल्यावर दहा दिवस उलटेपर्यंत विमानात पाऊल ठेवू नये, हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, गरम कपडे अंगावरच ठेवावेत, आणि गरज भासल्यास प्राणवायूची सोय विमान कंपनीकडे आगाऊ अर्ज करून मंजूर करून घ्यावी. माझ्या दृष्टीने त्याच्याकरिता गुबगुबीत आसनापेक्षा दोन पांघरुणे आणि पाण्याची बाटली अधिक मोलाची आहेत. ज्यांना आपण वाहक की रुग्ण हेच ठाऊक नाही, त्यांनी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्यावे. ही तपासणी विनामूल्य होते.

दुसरी बाब हिवतापाची. आमच्या गडचिरोली जिल्ह्यातील फॅल्सिपॅरम जातीचा हिवताप घातक असतो, आणि डास चावल्यापासून बहुधा एक ते दोन आठवड्यांनी, क्वचित त्याहून उशिरा, ताप चढतो. म्हणजे डास धानोऱ्यात वा एटापल्लीत चावला आणि ताप न्यू जर्सीत आला असे होऊ शकते. तेथील डॉक्टरांच्या मनात हिवतापाचा विचार सहजी येत नाही. परदेशी पोहोचल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला तर "आम्ही हिवतापाच्या प्रदेशातून आलो आहोत, रक्त तपासा" हे वाक्य इंग्रजीत लिहून पारपत्राबरोबर ठेवावे. उलट, तिकडे वाढलेली नातवंडे सुट्टीत गावी येतात तेव्हा त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती मुळीच नसते. त्यांना प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वीच सुरू करणे आवश्यक असते.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगतो. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल तर तो पूर्ण विरल्याचा दाखला मिळेपर्यंत उड्डाण करू नये, कारण वर गेल्यावर तो वायू फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते. हृदयविकाराचा झटका, छातीची वा पोटाची शस्त्रक्रिया यांनंतर विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज आपल्या डॉक्टरांकडून भरून घ्यावा, आणि चाकाच्या खुर्चीची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवावी. ती मागण्यात कसलाही कमीपणा नाही. औषधांची यादी मूळ नावांसह इंग्रजीत असावी.

आणि परदेशी असलेल्या मुलामुलींनो, हे वाचत असाल तर एवढे करा. आईवडील पोहोचल्यावर पुढचे चार आठवडे त्यांच्या दोन्ही पोटऱ्या रोज पाहा. एकच पाय सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर 'प्रवासाचा शीण' म्हणून हयगय करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या; आणि अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णवाहिका बोलवा. आणि येथे राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की, तिकीट हाती आले की निघण्याच्या आदल्या दिवसाची वाट न पाहता, निदान चार आठवडे आधी, आपली सारी कागदपत्रे व औषधे घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा.