साखर कारखान्याचे सांडपाणी आणि सूक्ष्मजीव

साखर, दूध किंवा स्टार्च यांच्या कारखान्यांतून वाहून येणारे सांडपाणी बहुधा विषारी नसते. त्यात शर्करा, पिष्ट, प्रथिने असे सूक्ष्मजीवांचे अन्नच असते. आणि धोका आहे तो नेमका यातच. असे पाणी नदीत सोडले, म्हणजे तेथील सूक्ष्मजीव हे अन्न पचविताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या १ लिटर स्वच्छ पाण्यात हा वायू जेमतेम ९ मिलिग्रॅम विरघळतो. एवढा तुटपुंजा साठा लवकरच संपतो आणि मासे गुदमरून मरतात.

नदीत घडणारी ही क्रिया बंदिस्त टाकीत घडवून आणणे, हे शुद्धीकरणाचे मूलतत्त्व होय. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात टाकीतील पाण्यात सतत हवा खेळविली जाते. काम झटपट होते, परंतु वीज फार लागते. दुसऱ्या मार्गात टाकीत हवा येऊच दिली जात नाही. येथे जे सूक्ष्मजीव काम करतात, त्यांना अवायुजीवी म्हणतात. त्यांपैकी काही शर्करेपासून अम्ले तयार करतात, तर काही त्या अम्लांपासून मिथेन हा ज्वलनशील वायू निर्माण करतात.

अडचण अशी की, अम्लकारक जीव भराभर वाढतात, तर मिथेनकारक अतिशय सावकाश. टाकीत एकाएकी फार शर्करा आली, तर अम्ले साचतात व मिथेनकारकांचे कार्य थंडावते. शिवाय वाहत्या पाण्याबरोबर ते वाहूनही जातात.

या दुसऱ्या अडचणीवर नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे गाट्झे लेटिंगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात उपाय शोधला. बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्याचे सांडपाणी त्यांनी टाकीच्या तळातून संथपणे वर चढविले. वरच्या बाजूस बसविलेल्या टोपणांखाली वायू गोळा होई, आणि त्याच्याबरोबर वर आलेला गाळ पुन्हा खाली बसे. कालांतराने सूक्ष्मजीव एकमेकांना चिकटून त्यांचे काही मिलिमीटर आकाराचे जड दाणे बनले. हे दाणे प्रवाहाबरोबर वाहून जात नाहीत. दह्याच्या विरजणाप्रमाणे ते नव्या टाकीत घालून तेथील कामही लवकर सुरू करता येते.

भारतात कानपूर येथे शहराच्या मैलापाण्यासाठी १९८९ साली याच पद्धतीचे संयंत्र सुरू झाले. या पद्धतीने पाणी पूर्णतः शुद्ध होते असे मात्र नव्हे. उरलेली घाण काढण्यासाठी पुढे हवेचा उपचार बहुधा करावाच लागतो. परंतु त्यापूर्वीच बराचसा भार हलका झालेला असतो, आणि मिळालेला मिथेन इंधन म्हणून उपयोगी पडतो.

तात्पर्य, अशी टाकी हे केवळ यंत्र नव्हे. तिच्यातील सजीवांचे अन्न, ऊब आणि पाण्याची आम्लता यांवर रोज लक्ष ठेवावे लागते. त्यात हयगय झाली, तर बिघडलेली घडी पुन्हा बसण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर कारखान्याची घाण नदीच्या वाट्यास येते.