घरामागील सेप्टिक टाकी व तिची निगा

मोठ्या शहरांत घरांतील मैला व सांडपाणी जमिनीखालील गटारांतून वाहून जातें, आणि घरधन्यास त्याचा पुढें विचार करावा लागत नाहीं. खेड्यापाड्यांत व नगराच्या वेशीबाहेरील वस्त्यांत अशीं गटारें नाहींत. तेथें प्रत्येक घरानें आपल्यापुरती व्यवस्था केलेली असते. ती म्हणजे बहुधा अंगणांत किंवा परसांत जमिनीखालीं बांधलेली सेप्टिक टाकी. २०१४ सालीं सुरू झालेल्या स्वच्छ भारत मोहिमेनंतर गांवोगांवीं शौचालयें झालीं, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु शौचालय बांधणें हें अर्धेंच काम आहे. उरलेलें अर्धें काम जमिनीखालीं चालतें. तें डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून त्याची आठवणहि राहत नाहीं. प्रिय वाचकहो, ह्या धड्यांत आम्ही त्या उरलेल्या कामाचा विचार करणार आहों. त्यांत शेजाऱ्याच्या विहिरीचा प्रश्न आहे, आणि कधीं कधीं एखाद्या मनुष्याच्या प्राणांचाहि आहे.

१. टाकींत काय घडतें

ही योजना फार प्राचीन नाहीं. फ्रान्स देशांत लुई मूरास ह्यानें अशा टाकीचें पेटंट १८८१ सालीं घेतलें. पुढें इंग्लंडांतील एक्झेटर शहरीं डोनाल्ड कॅमेरॉन ह्यानें १८९५ च्या सुमारास तशीच टाकी बांधून तिला ‘सेप्टिक’ हें नांव दिलें. सेप्टिक म्हणजे कुजविणारी; आणि कुजविणें हेंच तिचें काम.

मैला पाण्याबरोबर टाकींत येतो व तेथें स्थिरावतो. जड भाग तळाशीं बसतो, त्यास आपण गाळ म्हणूं. तेल, साबणाचा मळ व इतर हलका भाग वर तरंगतो, आणि तापलेल्या दुधावर साय धरावी तसा त्याचा थर पाण्यावर धरतो. मधील पाणी त्यामानानें निवळ असतें, व तेंच दुसऱ्या तोंडानें बाहेर पडतें. हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु गाळ खातात व त्याचा कांहीं भाग वायुरूप करितात. पण सर्व गाळ त्यांच्यानें संपत नाहीं. जें उरतें तें वर्षानुवर्षें तळाशीं सांचत जातें.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, टाकी मैल्याचा नाश करीत नाहीं, ती त्यास अडवून धरिते. दुसरी ही कीं, टाकींतून बाहेर पडणारें पाणी निवळ दिसलें तरी शुद्ध नसतें. पटकी, विषमज्वर व कावीळ ह्यांचे जंतु आणि जंतांचीं अंडीं त्यांत असूं शकतात. म्हणून तें पाणी शोषखड्ड्यांत गेलें पाहिजे; उघड्या गटारांत किंवा ओढ्यांत सोडूं नये.

२. टाकी कशी असावी

भारतीय मानक ब्यूरोच्या संहितेंत टाकीचीं किमान मापें दिलेलीं आहेत. रुंदी पाऊण मीटरहून कमी नसावी, पाण्याची खोली एक मीटरहून कमी नसावी, टाकींत निदान एक हजार लिटर पाणी मावावें, आणि लांबी रुंदीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत असावी. पांच माणसांच्या घरास, दोन वर्षांनीं उपसावयाची असल्यास, दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद व पाण्याची खोली एक मीटर पांच सेंटिमीटर एवढी टाकी पुरते. तीन वर्षांचा क्रम ठेवावयाचा तर ती ह्याहून थोडी मोठी असावी.

तळ व भिंती पक्क्या, पाणी न झिरपणाऱ्या असाव्या. मैला येण्याच्या व पाणी जाण्याच्या तोंडाशीं पाण्यांत बुडालेले नळ असावे, म्हणजे वरची साय बाहेर जात नाहीं. वायु जाण्यासाठीं लावलेला नळ घराच्या माथ्याहून दोन मीटर उंच न्यावा व त्याच्या तोंडास बारीक जाळी बांधावी. जाळी नसल्यास तोच नळ डांसांचा दरवाजा होतो. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर व घरापासून निदान ६ मीटर दूर असावा. टाकी उपसण्यासाठीं झांकण ठेवावें, आणि त्यावर फरशी किंवा ओटा घालूं नये. पुष्कळ घरीं झांकण कोठें आहे हेंच कोणास ठाऊक नसतें. मग वेळ आली म्हणजे अंगण खणावें लागतें.

३. “आमची टाकी कधीं भरतच नाहीं”

हे शब्द गांवोगांवीं अभिमानानें बोलले जातात. वीस वर्षें झालीं, टाकी उपसली नाहीं, म्हणून गवंड्याची स्तुति होते. आमच्या वाचकांनीं येथें थांबून विचार करावा. ज्या टाकींत रोज मैला पडतो आणि जी वीस वर्षांत भरत नाहीं, तिच्यांतील मैला जातो कोठें?

त्याचें उत्तर दोहोंपैकीं एक असतें. एक तर टाकीचा तळ बांधलेलाच नसतो, आणि मैल्याचें पाणी थेट जमिनींत मुरतें. किंवा गाळ टाकींत मावेनासा झाल्यामुळें तो पाण्याबरोबर बाहेर वाहत असतो. आपल्या देशावरील काळा पाषाण फुटीफुटींचा आहे. त्या फटींतून पाणी फारसें न गाळतां दूरवर जातें. ज्या पडीक टाकीचा अभिमान वाटतो, तिचें पाणी शेजारच्या विहिरींत उतरत असेल, आणि त्या घरचीं लेंकरें वरचेवर जुलाबानें आजारी पडत असतील. कधीं न भरणारी टाकी ही बहुधा फुटकी टाकी होय.

जेथें दोन शोषखड्ड्यांचें शौचालय आहे, तेथें गोष्ट निराळी. त्यांत एक खड्डा भरला कीं मैला दुसऱ्याकडे वळवितात, आणि पहिला दोन वर्षें बंद ठेविल्यास त्यांतील मैल्याचें कोरडें खत होतें. त्या खड्ड्यांचा तळ मुद्दाम मोकळा ठेवितात, म्हणून विहिरीपासूनचें अंतर तेथें अधिकच काळजीनें पाळावें. लहान घरास व खोल पाणी असलेल्या जमिनीस ही रीत सोयीची आहे.

४. टाकी केव्हां उपसावी

साधारण नियम असा कीं, दोन किंवा तीन वर्षांतून एकदां उपसावी. तळाचा गाळ व वरची साय मिळून पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा व्यापूं लागली कीं वेळ आली असें समजावें. गाळ मोजण्यासाठीं लांब काठीच्या टोकास पांढरें जाड फडकें गुंडाळून ती तळापर्यंत सावकाश सोडितात, आणि कांहीं मिनिटांनीं वर काढितात. काळा डाग जेथवर चढला तेवढी गाळाची जाडी. हें काम गाडीवाल्या जाणत्या माणसाकडून करवावें. झांकण उघडल्यावर कोणीं वांकून आंत पाहूं नये, विडी किंवा दिवा जवळ नेऊं नये, आणि मुलांस दूर ठेवावें.

ज्यानें वेळ चुकविली त्याचा गाळ शोषखड्ड्यांत जातो व तेथील मातीचीं छिद्रें बुजतात. मग खड्डा पाणी पीत नाहीं, परसांत दलदल होते, आणि नवा खड्डा खणावा लागतो. उपसण्याचा खर्च वांचविणारास शेवटीं त्याच्या कितीतरी पट खर्च येतो.

आपल्या महाराष्ट्रांत सातारा जिल्ह्यांतील वाई व नाशिक जिल्ह्यांतील सिन्नर ह्या नगरपरिषदांनीं २०१८ व २०१९ च्या सुमारास एक चांगला क्रम सुरू केला. घरमालकानें बोलावण्याची वाट न पाहतां, पाळीपाळीनें प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदां उपसावी, आणि मैला शुद्धीकरण केंद्रांत न्यावा, असा तो क्रम आहे. खेड्यांनींहि ह्यापासून धडा घेण्याजोगा आहे. पांचदहा घरांनीं मिळून एकाच दिवशीं गाडी बोलाविली, तर तिच्या फेरीचा खर्च वांटला जातो. ग्रामपंचायतीनें घरांची यादी ठेवून पाळी लावल्यास अधिकच उत्तम.

टाकी उपसतांना ती धुऊन कोरडी करूं नये. तळाशीं थोडा गाळ राहूं द्यावा; विरजणाप्रमाणें त्यांतील जंतु नव्या मैल्यास लागतात. मधल्या काळांत टाकींत गूळ, खमीर किंवा विकत मिळणाऱ्या पुड्या टाकून उपसण्याचें काम टळत नाहीं. फिनेल व तेजाब बेतानेंच वापरावें, कारण तें गाळ खाणाऱ्या जंतूंस मारितें. चिंध्या, प्लास्टिक, राख व तेल ह्यांस शौचकूपांत जागा नाहीं.

५. टाकींत मनुष्य उतरूं नये

आतां आम्ही ह्या धड्यांतील मुख्य गोष्टीकडे येतों. टाकीचें काम यंत्राच्या गाडीनें करावें. मनुष्यास आंत उतरवूं नये.

कुजणाऱ्या मैल्यांतून हायड्रोजन सल्फाइड नांवाचा विषारी वायु निघतो. थोडा असतां त्यास कुजक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण वाढलें कीं नाकाची वास घेण्याची शक्तिच मारली जाते, आणि मनुष्यास वाटतें कीं धोका टळला. गाळ ढवळतांच तो एकदम उसळून वर येतो. शिवाय टाकींत प्राणवायु अपुरा असतो. विहिरींत उतरण्यापूर्वीं दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत येथें चालवूं नये. टाकींत मिथेन हा पेट घेणारा वायुहि असतो, आणि दिवा तेवत राहिला म्हणून विष नाहीं असें ठरत नाहीं.

पुष्कळ वेळां एक मनुष्य पडतो, त्यास काढावयास दुसरा उतरतो, त्याच्यामागून तिसरा. आणि तिघेहि मरतात. म्हणून कोणी आंत पडल्यास, मन कितीहि कळवळलें तरी, मागोमाग उतरूं नये. ताबडतोब ११२ ह्या क्रमांकावर मदत मागवावी, सर्व झांकणें उघडीं ठेवावीं, आणि साधनें असलेल्या लोकांची वाट पाहावी.

ह्या कामाविषयीं देशाचा कायदाहि स्पष्ट आहे. २०१३ च्या अधिनियमाप्रमाणें, संरक्षक साधनें व ठरलेली खबरदारी ह्यांवांचून कोणास गटार किंवा सेप्टिक टाकी हातानें साफ करावयास लावणें हा गुन्हा आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं. पुन्हां केल्यास पांच वर्षें व पांच लाख रुपये ह्यांपर्यंत मर्यादा जाते. हा कायदा घरमालकासहि लागू आहे. सर्वोच्च न्यायालयानें २० ऑक्टोबर २०२३ रोजीं दिलेल्या निकालांत गटारकामांत मृत्यु पावलेल्याच्या कुटुंबास तीस लाख रुपये भरपाई द्यावी असें ठरविलें.

पण पैशानें बाप परत येत नाहीं. हें काम आपल्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींच्या माथीं मारलें गेलें, आणि गरजू मनुष्य आजहि पांचशें रुपयांसाठीं उतरावयास कबूल होतो. ‘तो आपखुषीनें उतरला’ ही सबब आमच्या मतें टिकणारी नाहीं. भुकेची संमति ही संमति नव्हे. ज्या टाकींत आपण आपल्या मुलास उतरूं देणार नाहीं, तींत दुसऱ्याचा मुलगाहि उतरूं नये; एवढा एक नियम पाळला तरी ह्या धड्याचें सार हातीं आलें.

६. उपसलेला मैला कोठें जावा

गाडी दाराशीं आली म्हणून काम संपलें असें नाहीं. चालकास विचारावें कीं, मैला कोठें रिता करणार? रात्रीं ओढ्यांत सोडल्यास आपल्या घरची घाण दुसऱ्याच्या घागरींत गेली. ताज्या मैल्यांत जंतांचीं अंडीं जिवंत असतात, व तीं मातींत दीर्घकाळ टिकतात. म्हणून तो भाजीपाल्यावर घालूं नये. जवळच्या नगरपरिषदेचें शुद्धीकरण केंद्र असल्यास तेथेंच न्यावा. नसल्यास वस्ती, विहीर व ओढा ह्यांपासून दूर, ग्रामपंचायतीनें नेमलेल्या जागीं चरांत ओतून मातीनें झांकावा.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. टाकी मैल्याचा नाश करिते कीं त्यास अडवून धरिते? तिच्यांत कोणते तीन थर होतात?
२. तुमच्या घरची टाकी शेवटीं केव्हां उपसली? तिचा तळ बांधलेला आहे काय? झांकण कोठें आहे?
३. शोषखड्डा व विहीर ह्यांमध्यें किती अंतर आहे, तें पावलांनीं मोजून पाहा.
४. टाकींत पडलेल्या मनुष्यामागें दुसऱ्यानें कां उतरूं नये?
५. तुमच्या आळींतील किती घरें मिळून एक गाडी बोलावूं शकतील?

शिक्षकांनीं हे प्रश्न नुसते वाचून दाखवूं नयेत. दुसरा व तिसरा ह्यांचें उत्तर प्रत्येकानें घरीं जाऊन, आपल्या परसांत उभें राहून शोधावें.