झोपाळ्याची फळी

सिन्नर येथील एका जुन्या वाड्याच्या ओसरीत सागवानी झोपाळा टांगलेला होता. तीन पिढ्यांच्या तेलकट हातांनी, धुराने व धुळीने त्याची फळी काळीकुट्ट झाली होती. दिवाळीपूर्वी ती मोडीत काढून नवी आणावी, असे घरात ठरले. आजी काही बोलली नाही. पण त्या फळीवर तिने मुले आणि नातवंडे निजवली होती.

फळी उतरवण्यास वृद्ध सुतार आले. त्यांनी काचेच्या तुकड्याने फळीचा एक कोपरा हलकेच खरवडला. काळ्या पुटाखालून मधासारखा पिवळसर रंग डोकावू लागला. ते म्हणाले, "वहिनी, मळले आहे ते वरचे पुट. लाकूड अजून निकोप आहे."

जुने पुट खरवडून झाल्यावर नातू काचकागदाने फळी घासू लागला. सुतारांनी त्याचा हात धरला. "बाळ, लाकडाच्या रेषांना आडवा जाऊ नकोस. आडवा ओरखडा पॉलिश केल्यावर अधिकच उठून दिसतो."

पॉलिशसाठी त्यांनी लाख आणली होती. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरील इवलेसे किडे जो चिकट रस स्रवतात, त्यापासून लाख मिळते. शुद्ध लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून तो द्रव फडक्याच्या बोळ्याने लाकडावर फिरवतात. स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा पातळ थर मागे उरतो. हे दोन्ही पदार्थ सहज पेट घेतात. पांडवांच्या लाक्षागृहाची कथा सर्वांना ठाऊकच आहे. म्हणून सुतारांनी जवळपास दिवासुद्धा लावू दिला नाही.

दोन हात झाले आणि परतीचा पाऊस आला. दिवाळी चार दिवसांवर होती, तरी सुतारांनी बोळा खाली ठेवला. दमट हवेत लावलेले पॉलिश पांढुरके पडते, हे ते जाणून होते. नातू अधीर झाला. पण ऊन पडेपर्यंत त्यालाही थांबावे लागले.

धनत्रयोदशीच्या सकाळी झोपाळा पुन्हा टांगला गेला. फळीवरील रेषा आता स्पष्ट दिसत होत्या. आजीने तिच्यावरून हात फिरवला आणि नातवाला शेजारी बसवून घेतले.

सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वर मंदिर दगडाचे. ते ऊनपाऊस झेलीत शतकानुशतके उभे आहे. लाकडाला मात्र माणसाच्या हातांची निगा लागते. ती मिळाली, तर तेही पिढ्यान्‌पिढ्या सोबत करते.

प्रश्न
१. सुतारांनी प्रथम फळीचा कोपराच का खरवडला?
२. दिवाळी जवळ आली असतानाही त्यांनी काम का थांबवले?