चाळीस टक्के म्हणजे किती घरे?



गेल्या वर्षीच्या अहवालात मी एक वाक्य लिहिले होते: कुसगावच्या आसपासच्या वाड्यांवर ४० टक्के आदिवासी कुटुंबांकडे जातीचा दाखला नाही. वाक्य वजनदार वाटले. त्यावरूनच ३६० कुटुंबांसाठी मदत मागितली. (या पाठातील वाड्यांचे आकडे हिशोब समजावा म्हणून सोपे करून घेतले आहेत. ते कोणत्याही वाडीची नोंद म्हणून वापरू नयेत.)

उपासनेनंतर चहाच्या वेळी बँकेतून निवृत्त झालेले एक काका माझ्याजवळ आले.

“ताई, किती घरांत विचारलंत?”

“शंभर.”

“आणि एकूण घरं?”

“नऊशेच्या आसपास.”

“मग उरलेल्या आठशे घरांचं तुम्हाला कसं कळलं?”

मला उत्तर देता आले नाही. ईशज्ञानाच्या पदविकेत हा विषय नव्हता. काकांनी त्यांच्या पुतणीचे बी.कॉम.चे ‘बिझनेस स्टॅटिस्टिक्स’ आणून दिले आणि दोन महिने दर रविवारी अर्धा तास माझ्याजवळ बसले. त्यातून जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवते. आमचे अहवाल तुम्ही वाचता आणि त्यावर विश्वास ठेवून दान देता, म्हणून हे तुम्हालाही कळले पाहिजे.

शितावरून भात

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आपल्या घरातली. भात शिजला का हे पाहायला कोणी सगळे पातेले खात नाही. संख्याशास्त्रात सगळ्या भाताला ‘समष्टी’ म्हणतात आणि शिताला ‘नमुना’. पण म्हणीला एक अट आहे. वरचेच शीत उचलले आणि तळ करपला असेल, तर परीक्षा चुकते. शीत कुठूनही यावे, उचलणाऱ्याच्या सोयीने येऊ नये.

आपल्या मावळातल्या भातशेतीत हे प्रत्यक्ष चालते. सुगीच्या वेळी ‘पीक कापणी प्रयोग’ होतात, ते अनेकांनी पाहिले असतील. गावातली काही शेते चिठ्ठी पद्धतीने निवडतात, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढाच कापून, झोडून, वजन करतात आणि त्यावरून सगळ्या भागाचे उत्पन्न काढतात. ही पद्धत भारतात रुजवणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता: डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातले बुध गाव. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तेथे त्यांना येझी नेमन हे शिक्षक लाभले. आज आपण जो हिशोब शिकणार आहोत, तो ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’ नेमन यांनीच १९३७ साली पूर्णपणे मांडला. मराठीत त्याला विश्वास-अंतराल म्हणता येईल. मी साधेपणाने ‘अंदाजाचा पट्टा’ म्हणेन.

पहिला हिशोब: वाटा

समजा, नऊशे घरांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून शंभर घरे काढली. त्यांतल्या ४० घरांत दाखला नाही, म्हणजे वाटा ०.४ आणि उरलेला ०.६. आता पायऱ्या अशा:

दोन्हींचा गुणाकार करा: ०.२४.
विचारलेल्या घरांच्या संख्येने, म्हणजे १०० ने भागा: ०.००२४.
वर्गमूळ काढा: सुमारे ०.०४९. याला प्रमाण त्रुटी म्हणतात.
त्याला १.९६ ने गुणा: सुमारे ०.०९६.

म्हणजे ४० टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेनऊ टक्के सोडायचे. पट्टा आला सुमारे ३०.५ ते ४९.५ टक्के. नऊशे घरांत सांगायचे तर २७५ ते ४४५ घरे. मी मात्र ‘३६०’ असे ठाम लिहून मोकळी झाले होते. खरी संख्या ४४० असती, तर ८० कुटुंबांनी मजुरी बुडवून वडगावच्या तहसील कचेरीपर्यंत यायचे आणि आमच्याकडचे पैसे संपलेले असायचे. पट्टा माहीत असता, तर मी तुम्हाला आधीच सांगितले असते की ३६० ची तयारी ठेवू, पण गरज ४४५ पर्यंत जाऊ शकते.

पट्टा अरुंद करायचा तर जास्त घरे विचारावी लागतात, पण दुप्पट घरे विचारून तो निम्मा होत नाही. वर्गमूळामुळे निम्म्यासाठी चौपट घरे लागतात. काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे एकूण घरे किती याचे, वजन मात्र कमी निघाले. नऊशेतून शंभर घरे घेतली तर साडेनऊच्या जागी सुमारे नऊ टक्के येतात, इतकाच फरक. नव्वद हजारांतून शंभर घेतली तरी साडेनऊच. नीट ढवळलेले पातेले लहान असो वा मोठे, चव घ्यायला चमचा तेवढाच लागतो.

९५ टक्के कशाचे?

१.९६ हा आकडा ‘९५ टक्के विश्वासा’साठी घेतात. इथे मी बराच काळ गोंधळले. याचा अर्थ ९५ टक्के घरे पट्ट्यात आहेत असा नाही. समजा, शंभर सेविकांनी आपापल्या वेगळ्या चिठ्ठ्या काढून हेच काम केले. प्रत्येकीचा पट्टा थोडा वेगळा येईल. त्यांतल्या साधारण ९५ जणींच्या पट्ट्यात खरा आकडा सापडेल आणि पाच जणींच्या पट्ट्यातून तो निसटेल. मी त्या पाचांपैकी आहे की नाही, हे मला कळत नाही. भरवसा पद्धतीचा असतो. माझ्या एका पट्ट्याची हमी कोणी देत नाही.

दुसरा हिशोब: सरासरी

दाखल्याचे उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’. खर्चाचे तसे नसते. समजा, चिठ्ठीने काढलेल्या २५ घरांत औषधपाणी आणि दवाखान्याच्या जाण्यायेण्याचा महिन्याचा खर्च विचारला. सरासरी आली ९०० रुपये. घराघरांतला फरक मोजणारे माप, म्हणजे प्रमाण विचलन, आले ५०० रुपये. २५ चे वर्गमूळ ५. पाचशेला पाचने भागले की प्रमाण त्रुटी १०० रुपये.

घरे थोडी असली की १.९६ पुरत नाही. २५ घरांसाठी २.०६ घ्यावे लागते. हे शोधले विल्यम गॉसेट यांनी. ते डब्लिनच्या गिनेस या दारूच्या कारखान्यात कामाला होते आणि थोड्याच नमुन्यांवरून मालाची परीक्षा करणे त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. १९०८ साली त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ते छापले. आज दारूच्या व्यसनातून वाड्या सोडवू पाहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या कामीही तोच हिशोब येतो.

तर पट्टा आला ९०० च्या दोन्ही बाजूंना २०६ रुपये, म्हणजे सुमारे ७०० ते ११००. एखाद्या घरात ऑपरेशन झाले असेल, तर तो एकच मोठा खर्च सरासरी वर ओढतो. म्हणून अशी घरे वेगळी लिहून ठेवावीत आणि अहवालात तसे सांगावे.

इथे आणखी एक चूक सहज होते. ७०० ते ११०० हा पट्टा सरासरीचा आहे. प्रत्येक घर तेवढेच खर्च करते असे त्याचा अर्थ नाही. कोणाचा खर्च शंभर रुपये असेल, कोणाचा दोन हजार. डॉ. सुखात्मे यांनी रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत काम केले आणि नंतर ते पुण्यात परतले. उष्मांकांच्या सरासरी गरजेची रेघ ओढून तिच्याखालचा प्रत्येक जण उपाशी धरू नये, असे ते आग्रहाने मांडत. माणसामाणसांत फरक असतो आणि एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, हा त्यांचा मुद्दा होता. त्यावर पुण्यातच प्रा. वि. म. दांडेकर यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. तो वाद इथे सोडवायचा नाही. सरासरीवरून एका घराचा निवाडा करू नये, एवढे मी त्यातून घेतले.

पट्ट्याबाहेरची चूक

आता माझी सर्वांत मोठी चूक सांगते. ती कोणत्याही पट्ट्यात मावत नाही.

मी विचारपूस केली होती फेब्रुवारीत. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. एका वाडीत चिठ्ठीत निघालेल्या घराला कुलूप होते. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “ती माणसं भट्टीवर गेली. पाऊस पडंल तवा येतील.” मी वहीत त्या घरावर काट मारली आणि पुढच्या उघड्या घरात शिरले. असे पुष्कळ वेळा झाले.

पावसाळ्यात पुन्हा गेले तेव्हा कळले की बंद घरांतल्या बहुतेकांकडे दाखला नव्हता. वर्षातले सहा-सात महिने बाहेर असणारा माणूस कागदपत्रांसाठी खेटे कधी घालणार? सर्वांत जास्त नड असलेलेच माझ्या नमुन्यातून गळाले होते. अशा वेळी हजार घरे विचारली तरी पट्टा फक्त अरुंद होतो. तो चुकीच्या जागीच राहतो.

सुखात्मे यांनाही पीक कापणीत अशीच गोष्ट आढळली होती. आखलेला तुकडा फार लहान असला, तर कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते. असे लहान तुकडे कितीही वाढवले तरी तो फुगवटा जात नाही. चिठ्ठीच्या नशिबाने होणारी चूक पट्टा दाखवतो. मोजण्याच्या रीतीतली चूक माणसालाच शोधावी लागते.

म्हणून आता आम्ही चार नियम पाळतो. सर्व वाड्यांची यादी आधी करायची, गाडी जाते तेवढ्याच वाड्यांची नाही. चिठ्ठ्या प्रत्येक वाडीतून काढायच्या, कारण एका वाडीतली घरे एकमेकांसारखी असतात. बंद घर बदलायचे नाही, पावसात पुन्हा जायचे. आणि अहवालात आकड्याशेजारी पट्टा, विचारलेली घरे आणि न भेटलेली घरे हे तिन्ही लिहायचे.

मोठ्या सर्वेक्षणांतही ही शिस्त असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा सर्वेक्षणाच्या अहवालात शेवटी परिशिष्टात महत्त्वाच्या आकड्यांचे पट्टेही छापतात. पण तो आकडा राज्याचा आहे. तो उचलून आपल्या एका वाडीला लावता येत नाही.

शेवटी एक सांगते. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या मेंढपाळाने अंदाज केला नव्हता. त्याने शंभर मेंढरे मोजली होती, म्हणूनच एक कमी असल्याचे त्याला कळले. किती निधी लागेल, किती माणसे लागतील, हे ठरवायला अंदाज हवा आणि तो प्रामाणिक हवा. पण दाखला टक्केवारीला मिळत नाही, एकेका माणसाला मिळतो. या पावसाळ्यात आम्ही कुलूपबंद घरांच्या यादीपासून सुरुवात केली आहे.

मंडळीतील गटासाठी प्रश्न

१. ५० घरांपैकी २० घरांत शौचालय नाही. पट्टा काढा. (उत्तर: सुमारे २६ ते ५४ टक्के.)
२. रविवारी मंडळीत आलेल्यांनाच विचारून सगळ्या मंडळीचे मत ठरवले, तर कोण सुटेल?
३. यापुढे कोणत्याही संस्थेचा अहवाल वाचताना, आमचाही, कोणते तीन प्रश्न विचाराल?