गॅरेजची जमीन : आवरण आणि आधार

घर बांधताना दिवाणखान्याच्या फरशीची निवड घरची सर्व मंडळी मिळून करतात. गॅरेजच्या जमिनीचा विचार मात्र अगदी शेवटी, उरलेल्या सिमेंटवर आणि उरलेल्या उत्साहावर होतो. वस्तुतः व्यापाऱ्याच्या घरी या खोलीत केवळ मोटार राहत नाही. सणासुदीच्या तोंडावर दुकानात न मावणारा मालही येथेच उतरतो. म्हणून हा प्रश्न किरकोळ मानता येत नाही.

आमचाच अनुभव सांगतो. बेळगावच्या घरी गॅरेजच्या कोब्यास आम्ही एका उन्हाळ्यात हौसेने रंग दिला. पावसाळा सरेपर्यंत त्यास फोड आले, चाकांखालचा रंग टायरांबरोबर उचलला गेला आणि भिंतीलगत रचलेल्या कापडाच्या खोक्यांपैकी तळची खोकी ओलीने वाया गेली. दोष रंगाचा, असे आम्ही प्रथम म्हटले. खरा दोष खालून चढणाऱ्या ओलीचा होता, आणि ती न तपासणाऱ्या आमचा होता.

पुढे एकमेकींत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या फरश्यांची माहिती आम्ही मिळविली. यांतील पुष्कळशा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ ज्यूलिओ नाट्टा यांनी १९५४ साली हे द्रव्य घनस्फटिक स्वरूपात सिद्ध केले. १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासमवेत मिळाले. हे द्रव्य पाणी शोषत नाही आणि तेलाने सहसा बिघडत नाही. मऊ पीव्हीसीच्या फरश्याही मिळतात. परंतु त्यांवर टायरांचे तपकिरी डाग पडण्याचा संभव असतो.

खरेदीपूर्वी जमिनीची परीक्षा करावी. सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस, जाड व पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवसाने पाहावे. आत दवाचे थेंब दिसले किंवा कोबा काळवंडला, तर खाली ओल आहे असे समजावे. ही परीक्षा पावसाळ्यात केल्यास अधिक विश्वसनीय ठरते. ओल बेताची असेल, तर जाळीदार व खालून पाय असलेली फरशी घ्यावी. तिच्याखालून हवा खेळते व पाणी उताराने निघून जाते. जमिनीतून पाणीच झिरपत असेल, तर मात्र आधी त्याचा बंदोबस्त करावा. भरीव फरशीखाली ते कोंडून दुर्गंधी तेवढी पदरी पडेल.

आता हिशेब. दहा फूट रुंद व अठरा फूट लांब गॅरेजास एक फुटी १८० फरश्या लागतात. कापाकापीसाठी एक दशांश जादा धरल्यास १९८ होतात. मात्र एक फुटी म्हणून मिळणाऱ्या फरशीचे माप पट्टीने मोजून मगच मागणी द्यावी.

बसविताना कोबा झाडून, तेलाचे डाग धुऊन, खड्डे सिमेंटने भरावेत. दाराशी दोरी सरळ ताणून तेथून आत यावे आणि रबरी हातोड्याने जोड बसवावेत. भिंतीलगतचे तुकडे बारीक दात्यांच्या करवतीने कापता येतात. भिंतीशी थोडी फट अवश्य ठेवावी. उष्णतेने हे प्लॅस्टिक बरेच प्रसरण पावते. सहा मीटर लांबीत २० अंश सेल्सिअसच्या फरकाने ही वाढ एक सेंटिमीटरहून अधिक भरते. फट नसेल, तर फरश्या मध्येच फुगून वर येतात. याच कारणाने त्या डिंकाने चिकटवू नयेत.

काही पथ्ये आहेत. जॅक किंवा स्कूटरचे स्टँड लावताना खाली फळी घालावी. हे द्रव्य १६० अंशांच्या सुमारास वितळते व पेटही घेते. म्हणून तेथे शेगडी किंवा वेल्डिंगचे काम नको. पेट्रोल सांडल्यास ते जाळीतून खाली जाते. दारे उघडून, दिव्याच्या बटणास हात न लावता, तेवढ्या फरश्या उचलून जागा लगेच स्वच्छ करावी. मालाची खोकी फरशीवर न ठेवता मांडणीवरच ठेवावीत, कारण जाळीतून दमट हवा वर येतच असते.

खातेवहीतील तूट वरून कोरा कागद चिकटवून भरून निघत नाही. जमिनीचेही तसेच आहे. या फरश्यांचा मोठा गुण हा की त्या उचलता येतात आणि बिघडलेली एकच बदलता येते. तेव्हा दरवर्षी पावसाळा संपताच चार ठिकाणच्या फरश्या काढून खालचा कोबा पाहावा. आम्ही दिवाळीच्या साफसफाईत हे काम उरकतो. त्यास अर्धा तासही लागत नाही.