वेदनेचे निदान आणि उपचार

ताप तापमापकाने मोजता येतो, रक्तदाबासाठीही यंत्र आहे. परंतु वेदना मोजणारे यंत्र अद्याप कोणी बनविलेले नाही. क्ष-किरण चित्रात मोडलेले हाड दिसते, ते किती दुखते हे दिसत नाही. म्हणूनच वेदनेच्या निदानात रुग्णाचे सांगणे हाच पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा पुरावा मानला जातो. आपल्या समाजात मात्र सोसणे हा सद्गुण समजला जातो. ‘बाई मोठी सोशिक’ असे कौतुकाने म्हटले जाते आणि दुखणे अंगावर काढले जाते. वेदनेसंबंधी वैद्यकशास्त्राने आज काय साध्य केले आहे, याची माहिती ग्रामीण जनतेपर्यंत पोहोचविणे म्हणूनच अगत्याचे आहे.

वेदनेचे प्रकार

वेदनेच्या अभ्यासासाठी १९७३ साली एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येनुसार वेदना हा शारीरिक संवेदनेचा तसाच भावनेचाही क्लेशदायक अनुभव आहे. रुग्ण दुखते असे म्हणत असेल तर त्याच्या म्हणण्याचा आदर केला पाहिजे, आणि एखाद्याला बोलता येत नाही म्हणून त्याला वेदना नाही असे समजू नये, हेही तिने स्पष्ट केले आहे.

जखम, अस्थिभंग, शस्त्रक्रिया यांमुळे होणारी तीव्र वेदना ही शरीराने दिलेली सूचना असते आणि सामान्यतः जखम भरली की ती थांबते. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणारी किंवा पुनःपुन्हा उद्भवणारी वेदना ही जुनाट होय. तिच्यात पुष्कळदा मूळ इजा बरी होऊनही मज्जासंस्था धोक्याचे संदेश देतच राहते. तपासणीत काही सापडत नाही म्हणून अशा रुग्णास ढोंगी ठरविणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आपल्या बोलीतील शब्द निदानास मोठे साहाय्य करतात. गळू ठणकते, पोटात कळा येतात, मुरडा पडतो, कंबरेतून पायात चमक जाते. आग होणे, मुंग्या येणे, सुया टोचल्यासारखे वाटणे हे शब्द बहुधा मज्जातंतूंच्या दुखण्याकडे निर्देश करतात. मधुमेहाच्या रुग्णाच्या तळपायांची होणारी आग आणि नागीण बरी झाल्यावरही मागे राहणारी वेदना ही याची परिचित उदाहरणे होत. रुग्णाचा शब्द जसाच्या तसा नोंदविणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

तज्ज्ञ निदान कसे करतात?

वेदना कोठे आहे, केव्हा सुरू झाली, कोठे पसरते, कशाने वाढते, कशाने कमी होते, झोप लागते का, कामे करता येतात का, असे प्रश्न तज्ज्ञ क्रमाने विचारतात. त्यानंतर शारीरिक तपासणी होते आणि आवश्यक तेवढ्याच चाचण्या केल्या जातात. दुखण्याची जागा फसवीही असू शकते. हृदयविकाराची वेदना डाव्या हातात किंवा जबड्यात जाणवते. आंत्रपुच्छाच्या दाहाची वेदना अनेकदा बेंबीभोवती सुरू होऊन मग उजवीकडे खाली सरकते.

तीव्रता ठरविण्यासाठी शून्य ते दहा या आकड्यांचा उपयोग करतात. लहान मुलांना हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची चित्रे दाखवितात. वृद्धांना आकडे अवघड वाटल्यास ‘रुपयात किती आणे दुखते?’ असे विचारण्यास हरकत नाही. उपचारानंतर हाच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे गुण आला की नाही ते समजते.

कंबरदुखीबरोबर ताप, घटणारे वजन, पायातील शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

उपचाराची दिशा

सर्व वेदनांवर एकच गोळी चालत नाही. मज्जातंतूंच्या वेदनेस नेहमीच्या वेदनाशामकांपेक्षा अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेन्टिन यांसारखी औषधे अधिक लागू पडतात. साध्या कंबरदुखीत दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्याने हानीच होते. हालचाल आणि व्यायाम हेच तिचे मुख्य उपचार आहेत. दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्याने जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते.

कर्करोगाच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली तीन पायऱ्यांची पद्धत सुचविली. सौम्य वेदनेस पॅरासिटामॉलसारखी औषधे, मध्यमास कोडीनसारखी आणि तीव्र वेदनेस मॉर्फिन, असा तिचा क्रम आहे. आता ती ठोकळ मार्गदर्शक म्हणून वापरतात. वेदना तीव्र असेल तर पहिल्या पायरीवर वाट पाहत बसत नाहीत. औषध शक्यतो तोंडाने आणि घड्याळाच्या ठोक्याला द्यावयाचे, दुखू लागण्याची वाट पाहावयाची नाही, हे तिचे मुख्य सूत्र आहे. या उपायांनी बहुसंख्य रुग्णांची वेदना आटोक्यात आणता येते.

मॉर्फिनची भीती

मॉर्फिन अफूपासून मिळते. भारतात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे परवान्याने अफूची शेती होते. तथापि १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक तरतुदी आणि परवान्यांची गुंतागुंत यांमुळे रुग्णालये हे औषध ठेवण्यास धजत नसत. २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह काही औषधे अत्यावश्यक ठरविण्यात आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेस राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरेशी ठरली.

कायदा बदलला तरी मनातील भीती उरली आहे. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ असा समज चुकीचा आहे. योग्य मात्रेत, वाढवीत नेऊन दिल्यास कर्करोगाच्या रुग्णास ते सुरक्षितपणे घेता येते. बद्धकोष्ठ मात्र हमखास होते, म्हणून सोबत रेचक द्यावे लागते. याउलट साध्या जुनाट कंबरदुखीसाठी ही औषधे सर्रास देणे घातक आहे. अमेरिकेत त्याचे दुष्परिणाम मोठ्या प्रमाणावर दिसून आले. औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, कुलूपबंद ठेवावे आणि दुसऱ्यास कधीही देऊ नये.

गावपातळीवरील कार्य

मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय येथे अशा रुग्णांची काळजी घेतली जाते. परंतु दूरच्या खेड्यातील अंथरुणास खिळलेला रुग्ण तेथवर वारंवार जाऊ शकत नाही. केरळने यावर मार्ग शोधला. १९९३ मध्ये कालिकत येथे सुरू झालेल्या कार्याला पुढे स्वयंसेवकांची जोड मिळाली, २००८ मध्ये त्या राज्याने परिहार सेवेचे धोरण स्वीकारले आणि पंचायतींच्या साहाय्याने परिचारिका रुग्णाच्या घरी जाऊ लागल्या.

आपल्याकडेही पंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीच्या मदतीने गावातील अंथरुणास खिळलेल्या रुग्णांची यादी करावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावी. जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन उपलब्ध आहे किंवा नाही, याची चौकशी लोकप्रतिनिधींनी करावी. शिक्षकांनी पालकसभेत या विषयावर बोलावे. घरातील वृद्धास ‘कसे आहात?’ एवढेच न विचारता ‘कोठे दुखते, किती दुखते, झोप लागते का?’ असे विचारण्याची सवय लागली, तर कित्येकांचे दुखणे वेळीच डॉक्टरांपर्यंत पोहोचेल.