मधुमेहाचे अहवाल जुळत नसतील तर

मधुमेहाचे निदान झाल्यानंतर रुग्णाच्या हाती येणारे अहवाल एकमेकांशी जुळतीलच असे नसते. उपाशीपोटीची साखर १४५ येते आणि ‘तीन महिन्यांची साखर’ मात्र ५.६ टक्के, म्हणजे निरोगी माणसाइतकी निघते, तेव्हा आजार खरोखर आहे की नाही आणि गोळ्या चालू ठेवाव्यात की नाही, या प्रश्नांनी रुग्ण आणि त्याचे घर दोन्ही अस्वस्थ होतात. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, रानशेतसारख्या आदिवासी वस्तीच्या गावांत, या विसंगतीचे एक महत्त्वाचे कारण रुग्णाच्या तांबड्या पेशींतच असू शकते, आणि ते तपासून पाहता येते.

तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी ही चाचणी, रक्तातील साखर थेट मोजत नाही. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन या प्रथिनाला किती साखर चिकटली आहे, हे ती मोजते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, या गृहीतावर तिचा अर्थ उभा आहे. सिकलसेल या आनुवंशिक आजारात पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन अवघ्या १० ते २० दिवसांत नष्ट होतात, त्यांना साखर चिकटायला पुरेसा काळ मिळत नाही आणि परिणामी आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून सिकलसेलग्रस्त व्यक्तीच्या मधुमेहाचे निदान वा देखरेख या चाचणीवर सोपवता येत नाही. ज्यांच्याकडे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आलेला असतो, त्या वाहक व्यक्तींत पेशींचे आयुष्य जवळपास नेहमीचे असले, तरी काही यंत्रांवर त्यांचा अहवाल चुकू शकतो. याउलट लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात आकडा खऱ्यापेक्षा वाढलेला दिसू शकतो आणि लोहाच्या गोळ्यांनी रक्त सुधारले की तो उतरतो. फसव्या कमी आकड्यामुळे उपचार अपुरे राहतात. फसव्या जास्त आकड्यामुळे औषध वाढवले गेले, तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका उद्भवतो.

नमुना घेण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. रक्त काढल्यावर पेशी वेगळ्या न करता ते तसेच ठेवले, तर त्यातील साखर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते, त्यामुळे गावात घेतलेला नमुना प्रयोगशाळेत उशिरा पोहोचल्यास आकडा कमी येऊ शकतो. उपाशीपोटी याचा अर्थ किमान ८ तास पाण्याखेरीज काहीही न घेणे असा आहे; सकाळचा चहा किंवा ताडी घेतली असेल, तर ते रक्त देण्यापूर्वीच सांगितले पाहिजे. बोटाला टोचून साखर मोजणाऱ्या ग्लुकोमीटरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरला जातो, आणि रक्तक्षय असल्यास तो आकडा वास्तवापेक्षा जास्त येऊ शकतो.

म्हणून अहवाल जुळत नसतील, तर रुग्णाने सर्व जुने कागद घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा डहाणू किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालयात जावे आणि हिमोग्लोबिन व सिकलसेल यांची तपासणी झाली आहे का, हे विचारावे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात आदिवासी भागांतील तपासणीवर भर आहे, तेव्हा आशाताईंकडेही चौकशी करता येईल. सिकलसेल आढळल्यास निदान प्रयोगशाळेत शिरेतील रक्तातून मोजलेल्या साखरेवर ठरते: उपाशीपोटी १२६ वा अधिक, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० वा अधिक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. स्पष्ट लक्षणे नसतील, तर एका आकड्यावर विसंबून न राहता चाचणी पुन्हा करणे हाच वैद्यकीय नियम आहे; दुसऱ्यांदा बोलावले, याचा अर्थ पहिल्यांदा फसवणूक झाली असा होत नाही.

कधी आजार निश्चित असतो, पण त्याचा प्रकार स्पष्ट नसतो. तरुण आणि अंगाने बारीक रुग्णाला टाइप १ म्हणजे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने होणारा मधुमेह असू शकतो, किंवा कुपोषणाशी निगडित मधुमेह असू शकतो, ज्याला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये टाइप ५ म्हणून मान्यता दिली. सी-पेप्टाइड आणि प्रतिपिंडांच्या चाचण्यांनी हा भेद करायला मदत होते. मात्र त्यांचे अहवाल येईपर्यंत रुग्णाने इन्सुलिन वा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

या काळात रुग्णाने साखरेचा प्रत्येक आकडा तारीख, वेळ आणि आधी काय खाल्ले यांसह वहीत लिहावा, कारण डॉक्टरांना एकट्या आकड्यापेक्षा अनेक आकड्यांचा कल अधिक सांगून जातो. मजुरीसाठी गाव सोडण्यापूर्वी औषधांचा साठा आणि कागदांची प्रत सोबत घ्यावी. सतत उलट्या, पोटात दुखणे, धाप लागणे किंवा गुंगी येणे ही लक्षणे दिसल्यास कोणत्याही अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. घाम, थरथर आणि घाबरेपणा जाणवल्यास, रुग्ण शुद्धीत असताना, साखर किंवा गूळ लगेच द्यावा. अहवालातील अनिश्चिततेला बहुतेक वेळा शोधता येणारे कारण असते, आणि ते शोधून मागण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.